प्लग-इन हायब्रिडसाठी थांबायचं का?

वैजापूरहून एका श्रोत्याने विचारलंय, "दादा, टोयोटा बिडकीनला येतेय. घरी गाडी घ्यायचीय, पण प्लग-इन हायब्रिडसाठी थांबू का?" चला, जरा इतिहासात डोकावू.

आधी फरक समजून घ्या. साधी हायब्रिड आपली छोटी बॅटरी चालता चालताच भरते. प्लग-इनची बॅटरी मोठी असते आणि ती घरी चार्ज करायची. साधारण पन्नासेक किलोमीटर विजेवर, पुढे पेट्रोल.

कल्पना तशी जुनीच. १९०० साली फर्डिनांड पोर्शे यांनी पेट्रोल इंजिन आणि विजेच्या मोटर एकाच गाडीत बसवल्या. १९९७ मध्ये जपानात प्रियस आली. २००८ च्या डिसेंबरात चीनच्या बीवायडीने एफ३डीएम ही प्लग-इन बाजारात आणली.

पण खरा धडा नेदरलँड्सचा. २०१३ च्या सुमारास करसवलतीमुळे तिथे कंपनीची गाडी म्हणून प्लग-इन धडाधड खपल्या. पेट्रोलचं बिल कंपनी भरणार, मग रोज वायर कोण लावतंय? कितीतरी गाड्या बॅटरीचं ओझं वाहत पेट्रोलवरच पळाल्या. २०२४ मध्ये युरोपियन कमिशनने रस्त्यावरचे खरे आकडे मांडले. प्लग-इनचं कार्बन उत्सर्जन कागदावरच्या सरासरी साडेतीनपट निघालं!

आपल्याकडे काय झालं? २०१५ ची बीएमडब्ल्यू आय८ प्लग-इनच होती, पण किंमत दोन कोटींच्या वर. २०१७ च्या जीएसटीत हायब्रिडवर सेससकट ४३ टक्के कर लागला. इलेक्ट्रिकवर १२ टक्के होता, तोही २०१९ मध्ये ५ वर आला. मग स्वस्त प्लग-इन कोण आणणार?

आता वैजापूरचा हिशोब. संभाजीनगर पाऊणशे किलोमीटरच्या आसपास. म्हणजे पोहोचायच्या आधीच बॅटरी संपली, आणि तिथे चार्जिंग नसेल तर येताना सगळं पेट्रोलच. शेत, बाजार, रोटेगाव स्टेशन एवढंच फिरणं असेल तर प्लग-इन शोभते. पण तेवढ्यासाठी दोन-दोन यंत्रणांचे पैसे मोजायचे का?

आणि टोयोटाने जुलै २०२४ मध्ये राज्य सरकारशी केलेला करार हायब्रिड आणि इलेक्ट्रिक गाड्यांचा आहे. हायब्रिड म्हणजे प्लग-इनच असं नव्हे. त्या भरवशावर थांबू नका भावा.

महिनाभर रोजचे किलोमीटर मोबाईलमध्ये लिहून ठेव. घरी रोज रात्री वायर लावायची सोय आणि सवय आहे का, तेही बघ. सवय नसेल तर प्लग-इन म्हणजे नुसती महागडी पेट्रोल गाडी. भेटू पुढच्या भागात!