संगीत विशारद ते वास्तुविशारद: क्षेत्र बदलायचं असेल तर काय लागतं?

न्यूयॉर्कमधल्या वर्ल्ड ट्रेड सेंटरची उद्ध्वस्त जागा पुन्हा कशी उभारायची, यासाठी २००३ मध्ये एक आराखडा निवडला गेला. तो करणारे डॅनियल लिबेस्किंड लहानपणी अकॉर्डियन वाजवायचे, आणि इतकं सुरेख वाजवायचे की त्या वादनाच्या शिष्यवृत्तीवरच ते अमेरिकेत पोहोचले.

कला क्षेत्रातून आर्किटेक्चरकडे वळायचं मनात असलेल्यांना हे उदाहरण हमखास ऐकवलं जातं. पण ज्याने दहा-बारा वर्षं तबला, हार्मोनियम किंवा गाण्याला दिली आहेत आणि आता आर्किटेक्ट व्हायचं आहे, त्याच्यासाठी भारतात हा रस्ता खरंच खुला आहे का? समजून घेऊया.

थोडक्यात उत्तर

- संगीतातून आर्किटेक्चरमध्ये जाता येतं. आधीचा पेशा आड येत नाही.
- खरी अडचण बारावीच्या विषयांची असते. भौतिकशास्त्र आणि गणित नसेल तर बी. आर्क.चं दार उघडत नाही.
- अभ्यासक्रम पाच वर्षांचा आहे. संगीतातली पदवी किंवा विशारद असल्याने त्यातलं एकही वर्ष कमी होत नाही.
- इमारत आणि आवाज यांच्याशी जोडलेली इतरही कामं आहेत. त्यातल्या काहींसाठी 'आर्किटेक्ट' ही उपाधी लागत नाही.

लिबेस्किंड यांनी संगीत का सोडलं?

लिबेस्किंड यांचा जन्म १९४६ मध्ये पोलंडमधल्या वूच शहरात झाला. १९५७ मध्ये कुटुंब इस्रायलला गेलं. तिथे अमेरिका-इस्रायल कल्चरल फाउंडेशनची शिष्यवृत्ती त्यांना मिळाली आणि १९५९ मध्ये, तेरा वर्षांचे असताना, ते न्यूयॉर्कला आले.

या स्पर्धेच्या परीक्षकांमध्ये विख्यात व्हायोलिनवादक आयझॅक स्टर्न होते. अकॉर्डियनमधून जे काही काढता येईल ते या मुलाने काढून झालं आहे, अशा अर्थाचं स्टर्न बोलल्याची आठवण लिबेस्किंड सांगतात. पुढे संगीत मागे पडलं आणि चित्रकला, गणित, रेखाटन यांची ओढ वाढत गेली.

ही गोष्ट सांगताना दोन तपशील बहुतेक वेळा गाळले जातात.

पहिला तपशील शिक्षणाचा. लिबेस्किंड न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स हायस्कूल ऑफ सायन्समध्ये शिकले. ही विज्ञान आणि गणितासाठी नावाजलेली शाळा आहे. त्यानंतर कूपर युनियनमधून १९७० मध्ये त्यांनी आर्किटेक्चरची रीतसर पदवी घेतली. म्हणजे संगीताच्या बळावर त्यांना कुठलीही पायरी वगळता आली नाही. शिवाय ते किशोरवयातच वळले होते. तिशीत स्थिरावलेला पेशा सोडून येणाऱ्याची परिस्थिती त्यांच्यापेक्षा वेगळी असते.

दुसरा तपशील वेळेचा. त्यांची पूर्ण झालेली पहिली इमारत म्हणजे जर्मनीतल्या ओस्नाब्रुक इथलं फेलिक्स नुसबाउम संग्रहालय. ते १९९८ मध्ये पूर्ण झालं. पदवी मिळून तोवर २८ वर्षं झाली होती आणि त्यांचं वय होतं ५२. मधल्या काळात ते शिकवत होते, रेखाटनं करत होते, स्पर्धांमध्ये उतरत होते.

मग संगीत वाया गेलं का?

नाही. त्याचा सगळ्यात ठळक पुरावा बर्लिनच्या ज्यू संग्रहालयात दिसतो. १९८९ मध्ये लिबेस्किंड यांनी या इमारतीची स्पर्धा जिंकली. इमारत १९९९ मध्ये पूर्ण झाली आणि २००१ मध्ये संग्रहालय लोकांसाठी खुलं झालं.

या रचनेमागच्या प्रेरणांपैकी एक होती ऑस्ट्रियन संगीतकार आर्नोल्ड शोनबर्ग यांचा 'मोझेस आणि आरोन' हा ऑपेरा. शोनबर्ग यांनी त्याच्या तिसऱ्या अंकाचं संगीत कधीच पूर्ण केलं नाही. जिथे सूर संपतात आणि शांतता उरते, तो अनुभव इमारतीत कसा आणायचा, हा लिबेस्किंड यांच्यापुढचा प्रश्न होता. त्यांनी नागमोडी इमारतीला छेदत जाणाऱ्या उभ्या, रिकाम्या पोकळ्या ठेवल्या. बर्लिनमधून पुसल्या गेलेल्या ज्यू समाजाची अनुपस्थिती या पोकळ्या दाखवतात.

२००२ मध्ये बर्लिनच्या ऑपेरागृहासाठी त्यांनी ऑलिव्हिए मेसियां यांच्या ऑपेराचं मंचरूपही केलं. संगीताचा पेशा सुटला, पण संगीताची समज कामात येत राहिली.

उलट दिशेचा प्रवास: झेनाकिस

याच मेसियां यांच्याकडे शिकलेले यानिस झेनाकिस उलट दिशेने गेले. ते मुळात अथेन्समध्ये शिकलेले स्थापत्य अभियंता. १९४७ मध्ये ग्रीसमधून निसटून ते पॅरिसला आले आणि चंदीगडची आखणी करणाऱ्या ल कॉर्ब्युझिए यांच्या कार्यालयात कामाला लागले. पुढे विसाव्या शतकातले एक महत्त्वाचे संगीतकार म्हणून त्यांचं नाव झालं.

१९५५ मध्ये त्यांची 'मेटास्टासिस' ही रचना पहिल्यांदा सादर झाली. तिच्यात तंतुवाद्यं एका स्वरावरून दुसऱ्या स्वरावर सलग सरकत जातात. आपल्याकडची मींड आठवा, फक्त इथे डझनावारी वादक आपापल्या वेगाने एकाच वेळी सरकतात. हे सरकणं झेनाकिस यांनी आलेखावर सरळ रेषांनी आखलं होतं. अनेक सरळ रेषा हळूहळू कोन बदलत गेल्या की डोळ्यांना वळणदार पृष्ठभाग दिसतो.

हीच कल्पना १९५८ मध्ये ब्रुसेल्सच्या जागतिक प्रदर्शनातल्या फिलिप्स मंडपात काँक्रीटमध्ये उतरली. मंडपाचे वळणदार पृष्ठभाग सरळ रेषांनीच तयार झाले होते. तो उभा राहिला कारण झेनाकिस यांना भूमिती आणि भारांचं गणित येत होतं. दोन क्षेत्रांमध्ये पूल बांधता येतो, पण त्यासाठी दोन्हीकडची विद्या लागते.

सोबत काय येतं आणि काय नव्याने शिकावं लागतं?

*सोबत येतं:*

- रियाजाची सवय. आर्किटेक्चरच्या स्टुडिओत एकच आराखडा पुन्हा पुन्हा मोडून करावा लागतो. एकच पलटा महिनोन्‌महिने घोटलेल्याला हे नवं नसतं.
- टीका ऐकायची तयारी. विद्यार्थ्याचं काम परीक्षकांपुढे, सगळ्यांदेखत तपासलं जातं. गुरूंसमोर किंवा श्रोत्यांसमोर बसलेल्याला त्याची धास्ती कमी वाटते.
- इतरांसाठी लिहिण्याची कला. संगीत संयोजक स्वरलिपी लिहितो, वाजवतात दुसरे. आर्किटेक्ट नकाशा काढतो, बांधतात दुसरे. आपल्या गैरहजेरीतही समोरच्याला नेमकं कळेल असं मांडावं लागतं.
- कान. खोलीत आवाज कसा फिरतो हे गाणाऱ्याला अनुभवाने कळलेलं असतं.

*शून्यापासून शिकावं लागतं:* इमारतीची संरचना, बांधकाम साहित्य, पाणी-वीज-मलनिस्सारणाच्या व्यवस्था, बांधकामाचे नियम, खर्चाचे अंदाज, आरेखनाची सॉफ्टवेअर आणि कंत्राटदाराशी व्यवहार. पेशातला मोठा वेळ याच कामांत जातो. आर्किटेक्चरला गोठलेल्या संगीताची उपमा देण्याची प्रथा जुनी आहे, पण या यादीतलं काहीच त्या उपमेत बसत नाही.

भारतात कायदा काय सांगतो?

भारतात हा पेशा 'वास्तुविशारद अधिनियम, १९७२' या कायद्याखाली येतो. या कायद्याने स्थापन झालेल्या काउन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे नोंदणी झाल्याशिवाय कुणालाही स्वतःला आर्किटेक्ट म्हणवून घेता येत नाही. कायद्याचं कलम ३७ ही उपाधी वापरण्यावर बंधन घालतं, डिझाइनचं काम करण्यावर नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केलं. पण महापालिकेकडे बांधकामाचे नकाशे सादर करायला नोंदणीकृत किंवा परवानाधारक व्यक्तीच लागते.

नोंदणीचा सरळ मार्ग असा:

१. बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित. किंवा दहावीनंतरचा तीन वर्षांचा डिप्लोमा, ज्यात गणित आहे.

२. नाटा किंवा जेईई मेनचा आर्किटेक्चरसाठीचा पेपर. महाराष्ट्रातले प्रवेश राज्याच्या सीईटी कक्षामार्फत होतात.

३. पाच वर्षांचं बी. आर्क. त्यात एखाद्या कार्यालयातलं प्रत्यक्ष प्रशिक्षणही येतं.

४. पदवीनंतर काउन्सिलकडे नोंदणी.

इथेच अनेक संगीतकार अडतात. अकरावीला कला शाखा घेतलेल्याकडे संगीतात बी. ए. असो, एम. ए. असो किंवा अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाची विशारद वा अलंकार असो, बी. आर्क.च्या पात्रतेत तिची गणना होत नाही. 'थेट एम. आर्क. करतो' हा मार्गही बंद आहे, कारण भारतात एम. आर्क.साठी आधी बी. आर्क. लागतं.

राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून बारावीचं भौतिकशास्त्र आणि गणित नंतरही देता येतं. मात्र फी भरण्याआधी, असे वेगळे दिलेले विषय पात्रतेसाठी चालतील का, हे काउन्सिल आणि प्रवेश प्राधिकरणाकडून लेखी विचारून घ्या. गुणांच्या टक्केवारीची अट बदलत असते, त्यामुळे चालू वर्षाची माहितीपुस्तिकाच प्रमाण माना.

परदेशात वेगळं आहे का?

अमेरिकेत वेगळं आहे. तिथे कुठल्याही विषयातल्या पदवीधरांसाठी साधारण तीन ते साडेतीन वर्षांचा एम. आर्क. अभ्यासक्रम असतो. संगीताचा पदवीधर तिथे अर्ज करू शकतो. पोर्टफोलिओ लागतो आणि अनेक विद्यापीठं कॅलक्युलस व भौतिकशास्त्राचा किमान एक कोर्स मागतात. पुढे परवान्यासाठी सहसा ३,७४० तासांचा नोंदवलेला अनुभव आणि सहा भागांची परीक्षा असते.

परत येऊन भारतात आर्किटेक्ट म्हणून काम करायचं असेल, तर ती पदवी इथे आपोआप मान्य होत नाही. जाण्याआधीच काउन्सिलकडे चौकशी करणं शहाणपणाचं.

आर्किटेक्ट न होता जवळ जाता येतं का?

येतं. सभागृहांचं ध्वनिनियोजन हे याचं चांगलं उदाहरण. या शास्त्राचा पाया वॉलेस सॅबाइन या भौतिकशास्त्रज्ञाने घातला. १८९५ मध्ये हार्वर्ड विद्यापीठातल्या एका व्याख्यान-दालनात बोललेलं नीट कळत नव्हतं. त्याचं कारण शोधताना त्यांना सूत्र सापडलं आणि १९०० मध्ये खुल्या झालेल्या बॉस्टन सिंफनी हॉलसाठी ते वापरलं गेलं.

सूत्र सोपं आहे. दालनाचं घनफळ घनमीटरमध्ये घ्या, त्याला ०.१६१ ने गुणा आणि एकूण ध्वनिशोषणाने भागा. आवाज थांबल्यावर त्याचा घुमार विरायला किती सेकंद लागतील ते कळतं. समजा सभागृह ४,००० घनमीटरचं आहे आणि शोषण ४०० चौरस मीटर. उत्तर येतं सुमारे १.६ सेकंद. पडदे, गादीच्या खुर्च्या आणि प्रेक्षक यांनी शोषण दुप्पट झालं, तर घुमार ०.८ सेकंदावर येतो. नाटकाचे संवाद कळायला साधारण एक सेकंद पुरे. पाश्चात्त्य वाद्यवृंदाला दोन सेकंदांच्या आसपास हवा असतो.

रिकाम्या आणि भरलेल्या सभागृहात आवाज वेगळा का लागतो, हे गायकाला माहीत असतं. सूत्र त्याला कारण देतं. मुंबईत एनसीपीएचं टाटा थिएटर १९८० मध्ये उभं राहिलं, तेव्हा आर्किटेक्ट फिलिप जॉन्सन यांच्यासोबत ध्वनितज्ज्ञ सिरिल हॅरिस होते. अशा कामात संगीताची जाण थेट उपयोगी पडते. रेकॉर्डिंग स्टुडिओची आखणी, रंगमंचाचं नेपथ्य आणि प्रदर्शनांची मांडणी हेही याच परिसरातले पर्याय. ध्वनिनियोजनात मात्र भौतिकशास्त्र टळत नाही.

निर्णय घेण्याआधी

- बारावीची गुणपत्रिका काढून विषय तपासा. पुढचं सगळं त्यावर ठरतं.
- एखाद्या आर्किटेक्टच्या कार्यालयात आणि बांधकामाच्या साइटवर काही आठवडे घालवा. संग्रहालयांचे फोटो पाहून पेशाची कल्पना येत नाही.
- पाच वर्षांची फी आणि त्या काळात बुडणारी मिळकत, दोन्ही मांडा. शिकवण्या आणि कार्यक्रम संध्याकाळी चालू ठेवायचा बेत असेल, तर आर्किटेक्चरचे विद्यार्थी रात्री उशिरापर्यंत काम करत बसतात हेही धरून चाला.
- आपल्याला उपाधी हवी आहे की इमारतींशी निगडित काम, हे स्वतःला विचारा. काम हवं असेल तर पाच वर्षांपेक्षा छोटी वाट मिळू शकते. उपाधी हवी असेल तर वर दिलेल्या चारही पायऱ्या चढाव्या लागतील.