शालेय मैदानी स्पर्धांचे संगणकीय नियोजन : पालघर व बोईसर-तारापूर परिसर

शाळेतील धावपटू, उडीपटू व फेकपटूंची नोंद ठेवणे, निवड चाचणी घेऊन संघ ठरवणे, प्रवेशिका भरणे, धावण्याच्या हीट पाडणे, वेळ व अंतर नोंदवणे आणि निकाल लावणे ही कामे सॉफ्टवेअरच्या मदतीने करण्याची पद्धत. सॉफ्टवेअर म्हटले की डोळ्यांसमोर मोठा पडदा आणि झळकणारे आकडे येतात. शाळेच्या पातळीवर मात्र ते बहुतेक वेळा एक्सेलची फाइल, सामायिक गूगल शीट, क्रीडा खात्याचा ऑनलाइन अर्ज आणि व्हॉट्सअ‍ॅपचा गट एवढेच असते. एवढ्या सामग्रीत बरेच काही साधते. जे साधत नाही त्याचे कारण सहसा यंत्रात नसून नोंदीच्या सवयीत असते.

परिसर : पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्यातून वेगळा झाला. वसई, पालघर, डहाणू, तलासरी, वाडा, विक्रमगड, जव्हार व मोखाडा हे त्याचे आठ तालुके. किनारपट्टी, रेल्वेलगतची गावे आणि सह्याद्रीच्या कुशीतले आदिवासी पाडे अशी तीन जगे या एका जिल्ह्यात नांदतात. बोईसरला महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची तारापूर औद्योगिक वसाहत आहे. शेजारी तारापूरचे अणुवीज केंद्र आहे. देशातील या पहिल्या अणुवीज केंद्राने ऑक्टोबर १९६९ मध्ये व्यापारी वीजनिर्मिती सुरू केली. कारखान्यांमुळे उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशा, गुजरात अशा अनेक प्रांतांतली कुटुंबे इथे स्थायिक झाली. त्यामुळे एकाच धावपट्टीवर मराठी, हिंदी, गुजराती व इंग्रजी माध्यमाची मुले उभी राहतात. याचा परिणाम संगणकात भरायच्या नावांवर होतो, तो पुढे येईल.

स्पर्धांच्या शिड्या : या जिल्ह्यातील धावपटूसाठी वर चढण्याची वाट एक नाही. क्रीडा व युवक सेवा संचालनालयाच्या शालेय स्पर्धा १४, १७ आणि १९ वर्षांखालील गटांत तालुका, जिल्हा, विभाग व राज्य अशा पायऱ्यांनी जातात आणि पुढे १९५४ साली स्थापन झालेल्या भारतीय शालेय क्रीडा महासंघाच्या राष्ट्रीय स्पर्धेपर्यंत पोचतात. पालघर या व्यवस्थेत मुंबई विभागात मोडतो आणि वसई-विरार महापालिकेच्या हद्दीतील शाळांचा स्तर स्वतंत्र धरला जातो. जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळांची दुसरी शिडी केंद्र, बीट, तालुका, जिल्हा अशी. आदिवासी विकास विभागाच्या आश्रमशाळांची तिसरी. तिच्यात डहाणू आणि जव्हार या प्रकल्पांच्या स्पर्धा आधी होतात, मग ठाणे विभागाच्या. तारापूरच्या वसाहतीत अणुऊर्जा शिक्षण संस्थेच्या शाळा आहेत. त्या केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाशी संलग्न असल्याने त्यांच्या स्पर्धांचे वेळापत्रक वेगळे. या सर्वांखेरीज भारतीय अ‍ॅथलेटिक्स महासंघाच्या जिल्हा संघटनांमार्फत होणाऱ्या वयोगट स्पर्धा आहेतच.

प्रत्येक शिडीची यादी वेगळी, अर्ज वेगळा, ओळखक्रमांकही वेगळा. शाळेला अकरा अंकी यूडायस क्रमांक असतो, विद्यार्थ्याची नोंद राज्याच्या सरल प्रणालीत असते, अ‍ॅथलेटिक्स महासंघाच्या स्पर्धेला त्या महासंघाची स्वतंत्र नोंदणी लागते. आश्रमशाळेतील मुलीने प्रकल्पस्तरावर ६०० मीटर कितीमध्ये पार केले हे तालुक्याच्या शालेय स्पर्धेत हीट पाडणाऱ्याला कळण्याची कोणतीही आपोआप सोय नाही. संगणक सगळीकडे आहे. मुलीची वेळ मात्र एका फाइलीतून दुसरीत जात नाही. या परिसरातील संगणकीय नियोजनाचे खरे दुखणे हेच आहे.

प्रवेशिका : शालेय स्पर्धांसाठी शाळांना आता खेळाडूंची माहिती ऑनलाइन भरावी लागते. वयाची अट त्या वर्षाच्या ३१ डिसेंबरवर मोजली जाते. उदाहरणार्थ, २०२३-२४ साठी १४ वर्षांखालील गटात १ जानेवारी २०१० रोजी किंवा त्यानंतर जन्मलेलेच पात्र होते. एक्सेलला हे गणित एका सूत्रात जमते, पण तारीख तारखेच्या रूपात भरली असेल तरच. ०५/०८/२०१० ही ५ ऑगस्ट आहे की ८ मे, हे संगणकाच्या प्रांतिक सेटिंगवर ठरते आणि शाळेतला संगणक पुष्कळदा अमेरिकी सेटिंगवरच चालू असतो. तारीख दाखल्याशी जुळली नाही की मूल बाद होऊ शकते, तेही स्पर्धेच्या सकाळी. यावर साधा उपाय म्हणजे दिवस, महिना व वर्ष तीन वेगळ्या रकान्यांत भरणे.

ग्रामीण व आदिवासी भागात शाळेच्या रजिस्टरवर १ जून ही जन्मतारीख विलक्षण संख्येने आढळते. दाखला नसलेल्या मुलाला शाळेत घालताना सोयीची म्हणून ती लिहिली गेली. सॉफ्टवेअरला यात काही वावगे दिसत नाही. भारतीय अ‍ॅथलेटिक्स महासंघ आपल्या वयोगट स्पर्धांत मनगटाच्या हाडांच्या क्ष-किरण तपासणीवर भर देतो तो अशाच शंकांमुळे. शालेय स्तरावर जन्मदाखला, रजिस्टरचा उतारा आणि मुख्याध्यापकांची सही यांवरच काम चालते.

नावांची अडचण याहून चिवट. दाखल्यावर देवनागरीत, आधारवर रोमनमध्ये आणि प्रवेशिकेवर क्रीडाशिक्षकाच्या कानाला जसे आले तसे, अशी एकाच मुलाची तीन नावे तयार होतात. हिंदी भाषक घरांत मधले नाव लावण्याची रीत निराळी, त्यामुळे रकाने सरकतात. जुन्या टंकांत, म्हणजे युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये, केलेली यादी नव्या शीटवर चिकटवली की अक्षरांचा चुराडा होतो. एक्सेल अशा तीन नावांना तीन माणसे समजते. पुढे प्रमाणपत्रावर चुकीचे नाव छापले जाते आणि दहावी-बारावीच्या क्रीडागुणांच्या प्रस्तावावेळी किंवा शासकीय नोकरीतील ५ टक्के खेळाडू आरक्षणासाठी पडताळणी होते तेव्हा ती चूक कुटुंबाला भोवते. म्हणून यादीत नावाआधी कायमस्वरूपी क्रमांक हवा, आणि नाव जुळवायचे ते शाळेच्या जनरल रजिस्टरशी.

निवड चाचणी : चाचणी म्हणजे शाळेच्या मैदानावर एक-दोन दिवसांत सर्व इच्छुकांना पळवून निवड करणे. बोईसरसारख्या ठिकाणी शाळांची पटसंख्या मोठी आणि मैदान तोकडे, म्हणून चाचण्या इयत्तावार घ्याव्या लागतात. इथे शीटचा उपयोग सरळ आहे : प्रत्येकाची सर्वोत्तम वेळ एका रकान्यात, शेजारी वयोगट, आणि मग क्रम. एका मुलाला किती प्रकारांत उतरता येते याची नियमात मर्यादा असल्याने चांगला खेळाडू नेमका कुठे लावायचा हे ठरवावे लागते. १०० व २०० मीटर दोन्हींत पहिला येणारा लांब उडीतही पहिला असेल तर गणित अवघड होते. हा निर्णय शीटवर सोपवू नये. ४ × १०० मीटर रिलेचे तर चार सर्वांत वेगवान मुलांशीही जमतेच असे नाही. बॅटन देणाऱ्या-घेणाऱ्याची सवय कोणत्याही रकान्यात येत नाही.

हीट पाडणे : सॉफ्टवेअरची सर्वांत मोठी कमाई इथे आहे. आधीच्या वेळा ठाऊक असतील तर धावपटूंना वेगाच्या क्रमाने १, २, ३ असे क्रमांक देऊन नागमोडी पद्धतीने वाटतात. सहा लेन आणि १८ धावपटू असतील तर पहिल्या हीटमध्ये १, ६, ७, १२, १३, १८. दुसरीत २, ५, ८, ११, १४, १७. तिसरीत ३, ४, ९, १०, १५, १६. तिन्ही हीटमधील क्रमांकांची बेरीज ५७ येते, म्हणजे तिन्ही सारख्याच तोलाच्या. मग एकाच शाळेची दोन मुले एका हीटमध्ये आली असतील तर शक्य तिथे अदलाबदल करतात.

वेळाच ठाऊक नसतील तर चिठ्ठ्या टाकाव्या लागतात. चिठ्ठ्यांनी सर्वांत वेगवान तिघे एकाच हीटमध्ये पडले आणि प्रत्येक हीटमधून पहिले दोघेच पुढे जाणार असतील, तर तालुक्यातील तिसऱ्या क्रमांकाचा धावपटू घरी जातो. केंद्र व बीट पातळीवर बहुधा पहिला, दुसरा, तिसरा एवढेच लिहितात. वेळ लिहीत नाहीत. वरच्या पायरीवर कितीही चांगले सॉफ्टवेअर आणले तरी त्याच्या तोंडी घालायला मग काही उरत नाही.

मैदानाचे गणित : तालुका पातळीवरील बऱ्याच स्पर्धा मातीवर फक्की मारून आखलेल्या २०० मीटरच्या धावपट्टीवर होतात. तिच्यावर लेनमधील आरंभ किती पुढे सरकवायचा हे मोजणे हा क्रीडाशिक्षकांच्या नेहमीच्या वादाचा विषय. आतल्या कडेला उंचवटा नसलेल्या, नुसत्या फक्कीच्या धावपट्टीवर १.२२ मीटर रुंदीच्या लेनसाठी पूर्ण एका फेरीला प्रत्येक लेनमागे ७.६७ मीटर लागतात. यातील गंमत अशी की हा आकडा धावपट्टीच्या लांबीवर मुळीच अवलंबून नाही; २०० मीटरची असो वा ४०० मीटरची, आकडा तोच. म्हणून २०० मीटरच्या धावपट्टीवर दोन फेऱ्यांची ४०० मीटर शर्यत लेनमध्येच घ्यायची तर अंतर दुप्पट, १५.३३ मीटर. आतल्या कडेला उंचवटा असेल तर फक्त दुसऱ्या लेनचा आकडा ७.०४ होतो. शीटमध्ये हे एकदा बसवून ठेवले की दरवर्षी टेप घेऊन भांडायची गरज राहत नाही.

वेळमापन : हातातल्या स्टॉपवॉचची वेळ नियमाने पुढच्या दशांशावर नेतात, १३.४१ सेकंद असेल तर १३.५ लिहायचे, १३.४ नाही. एक्सेलमधील नेहमीचे पूर्णांकन इथे चुकते, वर नेणारे सूत्र वापरावे लागते. तीन टायमर असतील आणि तिघांच्या वेळा निराळ्या असतील तर मधली घेतात. दोघेच असतील आणि जमत नसेल तर जास्तीची. हातची वेळ यंत्राच्या वेळेशी ताडून पाहायची झाली तर १०० व २०० मीटरला रूढ संकेताप्रमाणे ०.२४ सेकंद मिळवतात. बोईसरच्या मुलाची स्टॉपवॉचवरची १२.० ही वेळ विभागातल्या फोटो-फिनिश कॅमेऱ्यासमोर १२.२ च्या पुढे दिसली तर मुलगा मंदावला असे मानू नये.

उडी व फेक प्रकारांत संगणकाला विशेष काम नाही. लांब उडीत बरोबरी झाल्यास दुसरा सर्वोत्तम प्रयत्न पाहायचा, उंच उडीत अयशस्वी प्रयत्न मोजायचे, एवढे पंचांच्या कागदावर नीट होते.

तयार सॉफ्टवेअर : जगभर या कामासाठी खास आज्ञावल्या आहेत. अमेरिकेतील शाळा-महाविद्यालयांत हाय-टेक कंपनीचा मीट मॅनेजर दीर्घकाळ वापरात आहे; प्रवेशिका, हीट, लेन व गुणतक्ता तो एकत्र सांभाळतो आणि फिनिशलिंक्ससारख्या फोटो-फिनिश कॅमेऱ्याकडून वेळा थेट घेतो. अ‍ॅथलेटिक डॉट नेट या संकेतस्थळावर तिथल्या शाळकरी धावपटूची कारकीर्द वर्षावर्षाने पाहता येते. पालघरच्या तालुका स्पर्धेला मीट मॅनेजर घेणे म्हणजे खर्च वाया. कॅमेरा नसताना त्याचा निम्मा उपयोग संपतो आणि देवनागरी नावांशी झुंजण्यातच पंचांची दुपार जाते. अमेरिकेकडून घ्यायचे ते दुसरे : सहावीतल्या मुलाची वेळ नववीत सापडली पाहिजे.

मोखाडा-जव्हारच्या डोंगरात मोबाइलची रेंज भरवशाची नाही. स्पर्धेच्या दिवशी इंटरनेटवर टांगलेले कोणतेही साधन त्यामुळे धोक्याचे. लॅपटॉपवर उतरवून घेतलेली फाइल, चार्ज केलेली बॅटरी आणि प्रत्येक हीटची छापील प्रत कॉलरूममध्ये, स्टार्टरकडे व टायमरच्या टेबलावर असणे ही खरी तयारी. ऐनवेळी आलेल्या बदलांची नोंद आधी कागदावर, मग संगणकात. उलट केल्यास दोन याद्या तयार होतात आणि दोन्ही बरोबर वाटतात.

माहितीची गोपनीयता : शाळांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांत खेळाडूंची आधार कार्डे, जन्मदाखले व छायाचित्रे सर्रास फिरतात. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा १८ वर्षांखालील व्यक्तीला बालक मानतो आणि तिच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीवर भर देतो. तिन्ही शालेय गटांतील बहुतेक खेळाडू यात येतात. प्रवेशिकेला लागणारी कागदपत्रे गटावर न टाकता थेट संबंधित कार्यालयाच्या अर्जात भरावीत. निकालपत्रात नाव, शाळा, गट आणि कामगिरी पुरेशी, जन्मतारीख आणि फोन क्रमांक नको.

निकालाची जपणूक : प्रमाणपत्रांच्या पडताळणीत मूळ निकालपत्र हाच शेवटचा पुरावा ठरतो, त्यामुळे ते कुणा एका शिक्षकाच्या फोनमध्ये असून भागत नाही, शिक्षकाची बदली होते, फोनही बदलतो. स्वाक्षरीची छापील प्रत शाळेच्या दप्तरी आणि साध्या तक्त्याची फाइल शाळेच्या ईमेलवर, एवढी व्यवस्था कोणत्याही खर्चाशिवाय होते.

नवे सॉफ्टवेअर विकत घेण्याआधी पालघर-बोईसर परिसरातील शाळांनी व केंद्रांनी दोन गोष्टी कराव्यात : सर्वांत खालच्या पायरीवरही स्टॉपवॉचने वेळ नोंदवावी, आणि ती नोंद प्रत्येक शिडीवर चालेल अशा एकाच क्रमांकाखाली ठेवावी. त्या क्रमांकासाठी सरलमधील विद्यार्थी-क्रमांक आज सर्वांत सोयीचा आहे.