सिराजची बेडी आणि मीरचा चंद्र

नैराश्य, खिन्नता, डिप्रेशन हे शब्द आपल्या समाजात अजूनही दबक्या आवाजात उच्चारले जातात. घरातला तरुण मुलगा बोलेनासा झाला, जेवेनासा झाला, रात्र रात्र जागू लागला, की पहिला तर्क नजर लागल्याचा होतो आणि दुसरा जिन्नाचा. शिकलेल्या घरात तिसरा तर्क निघतो : नमाज सुटली, ईमान कमजोर झाले. मला हा तिसरा तर्क सर्वांत घातक वाटतो. तो धर्माच्या नावाने केला जातो आणि आजारी माणसाला गुन्हेगार ठरवून मोकळा होतो. आपल्या परंपरेचा इतिहास चाळला तर या तर्काला आधार सापडत नाही.

पुत्रवियोगाच्या दुःखाने हजरत याकूब (अ.) यांचे डोळे पांढरे झाल्याचे कुरआनच्या सूरह यूसुफमध्ये सांगितले आहे. एका पैगंबराचे दुःख तेथे लपवलेले नाही. हजरत खदीजा (र.) आणि अबू तालिब यांचे निधन झाले ते इ.स. 619 च्या सुमाराचे वर्ष सीरतच्या ग्रंथांत ‘आमुल हुज्न’, म्हणजे दुःखाचे वर्ष, म्हणूनच ओळखले जाते.

हकीमांनीही हा विषय टाळला नाही. अबू जैद अल-बल्खी (मृत्यू 934) यांनी ‘मसालिहुल अब्दान वल अन्फुस’ या ग्रंथात शरीराच्या आरोग्याबरोबर मनाच्या आरोग्याचा स्वतंत्र विचार केला. दुःखाचे त्यांनी दोन प्रकार केले. एकाचे कारण माणसाला ठाऊक असते : कोणी गेले, काही हरवले. दुसऱ्याचे कारण त्याला सांगता येत नाही, आणि त्याचे मूळ शरीरात, रक्तात असते. रक्ताचा सिद्धांत आज मागे पडला, पण कारणाशिवाय येणारे दुःख शरीराशी जोडलेले असू शकते आणि त्यावर इलाज करावा लागतो, हा विचार अकराशे वर्षांपूर्वी एका मुस्लिम विद्वानाने मांडून ठेवला आहे. त्याच काळात कैरवानचे हकीम इसहाक इब्न इमरान यांनी ‘मालिखूलिया’वर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. अकराव्या शतकात तो लॅटिनमध्ये गेला आणि युरोपच्या वैद्यांनी वाचला. इबादतीत आणि अभ्यासात स्वतःला झिजवणाऱ्यांनाही हा आजार गाठतो, असे इसहाक नमूद करतात. ईमानाची कमजोरी काढणाऱ्यांनी हे वाचायला हवे.

पण हकीम बाहेरून पाहतो. आतून काय होते ते ज्याचे त्यानेच सांगावे लागते. इमाम गजाली यांनी ते ‘अल-मुन्किज मिनज्जलाल’ या आत्मकथनात सांगितले. 1095 मध्ये बगदादच्या निजामिया मदरशात शिकवत असताना त्यांची जीभ चालेनाशी झाली. अन्न पचेना, घोट उतरेना. हकीमांनी हात टेकले आणि हे मनातून शरीरात उतरलेले दुखणे आहे असे सांगितले. गजालींनी त्यात स्वतःच्या नीयतीचा प्रश्नही पाहिला, हे खरे. पण ते त्यांनी स्वतःला विचारले, दुसऱ्या कोणा आजाऱ्याला नव्हे.

अठराव्या शतकात हे कथन आपल्या मातीजवळ येते. सिराज औरंगाबादी हे वली औरंगाबादींनंतरचे दखनचे मोठे शायर. बाराव्या-तेराव्या वर्षी त्यांच्यावर बेभानपणाचा अंमल चढला आणि तो सुमारे सात वर्षे टिकला. अंगावर वस्त्र नाही, घराची शुद्ध नाही, अशा अवस्थेत ते खुलताबादला हजरत बुरहानुद्दीन गरीब यांच्या दर्ग्याभोवती फिरत. तोंडातून फारसी ओळी निघत, आणि त्यातल्या बऱ्याच कोणी टिपून न ठेवल्यामुळे हरवल्या. या काळाविषयी सिराज यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. वडिलांनी त्यांना बेड्या घातल्या असे चरित्रकार सांगतात. पुढे ते हजरत शाह अब्दुर्रहमान चिश्ती यांचे मुरीद झाले, काही वर्षे उर्दू गझला लिहिल्या आणि पीरांच्या सांगण्यावरून शायरी थांबवली. त्यानंतरही ‘बोस्ताने खयाल’ या मसनवीत त्यांनी आपल्या मनाची होरपळ मांडलीच.

सिराज यांना डिप्रेशन होते असे मी म्हणणार नाही. अडीचशे वर्षांपूर्वीच्या माणसाला आजच्या दवाखान्याची चिठ्ठी चिकटवणे बरे नव्हे, आणि सूफी ज्याला जज्ब म्हणतात त्याचा सगळा हिशेब वैद्यकात बसतोच असेही नाही. पण बेडी ही बेडीच असते. 6 ऑगस्ट 2001 रोजी तामिळनाडूतील एरवाडी येथे दर्ग्याच्या आसऱ्याने चाललेल्या एका खासगी निवाऱ्यात आग लागली. साखळ्यांनी जखडलेल्या मनोरुग्णांना पळता आले नाही, 28 माणसे गेली. मनोरुग्णाला साखळीने बांधण्यास बंदी घालणारा मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017 मध्ये झाला. दर्ग्यावर दुआ मागायला कोणाची हरकत असणार? दुआ आणि दवा यांच्यात भांडण लावले कोणी, हा माझा प्रश्न आहे.

सिराज यांच्या हयातीतच दिल्लीत मीर तकी मीर यांच्यावर अशीच वेळ आली. ‘जिक्रे मीर’ या फारसी आत्मचरित्रात त्यांनी सगळा क्रम दिला आहे. आग्र्याला बालपणीच चाचाप्रमाणे माया करणारे अमानुल्लाह गेले, मग वडील गेले. दिल्लीत ज्या उमरावाकडून रोज एक रुपया मिळे, तो 1739 मध्ये नादिरशाहशी झालेल्या कर्नालच्या लढाईत मारला गेला. नंतर सावत्र भावाचे मामा खाने आरजू यांच्याकडे आसरा घेतला, तर सावत्र भावाचे विषारी पत्र तेथेही पोचले. रोजची बोलणी, रोजचा अपमान. मीर दार लावून बसू लागले. मग चंद्रात एक चेहरा दिसू लागला, तो खाली उतरून जवळ येई, आणि रात्र सरली की वेडाचा झटका येई. यात वियोग आहे, भूक आहे, अपमान आहे, एकांत आहे, आणि चंद्र शेवटी आहे. रोग्याची हकिकत घेणाऱ्या चांगल्या डॉक्टरनेही हाच क्रम लावला असता. हाच अनुभव मीर यांनी ‘ख्वाब-ओ-खयाल’ या उर्दू मसनवीत पुन्हा लिहिला. पुढे ते लखनौला गेले आणि 1810 पर्यंत जगले. मागे सहा उर्दू दीवान ठेवले.

त्या आजारात लोक त्यांना भिऊन दूर पळत. कोणी मंत्र-तंत्र केले, कोणी कोंडून ठेवले, हकीमांनी रक्त काढले. इलाजाचा खर्च उचलला आणि शुश्रूषा केली ती वडिलांच्या एका मुरीदाच्या घरातील स्त्रीने. फखरुद्दीन खान यांची पत्नी, एवढीच तिची ओळख आज आपल्यापर्यंत पोचली आहे.