कंपायलरची अनुपलब्धता

कंपायलरची अनुपलब्धता म्हणजे संगणकावर नवी संचालन प्रणाली (ऑपरेटिंग सिस्टिम) बसवल्यानंतर मूळ संहितेचे यंत्रभाषेत रूपांतर करणारी आज्ञावली, अर्थात कंपायलर, न सापडण्याची स्थिती होय. ही स्थिती बहुधा बिघाडामुळे उद्भवत नाही. कोणती साधने प्रणालीसोबत द्यावीत आणि कोणती वेगळी ठेवावीत, याविषयी निर्मात्यांनी घेतलेल्या निर्णयाचा तो परिणाम असतो. म्हणून उपाय करण्यापूर्वी कंपायलर मुळातच बसवलेला नाही, बसवलेला असूनही सापडत नाही, की सापडूनही अपुरा आहे, हे निश्चित करावे लागते.

पार्श्वभूमी

सी ही भाषा डेनिस रिची यांनी १९७० च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत विकसित केली. १९७३ मध्ये युनिक्स प्रणालीचा गाभा याच भाषेत नव्याने लिहिण्यात आला. त्यानंतर ‘सीसी’ या आज्ञेने चालणारा सी कंपायलर हा युनिक्सचा स्वाभाविक घटक मानला जाऊ लागला. विद्यापीठे व संशोधन संस्था यांच्यात आज्ञावलींची देवघेव मूळ संहितेच्या रूपात होत असे आणि प्रत्येक जण ती आपल्या यंत्रावर कंपाइल करून घेत असे. एका प्रकारच्या प्रक्रियकासाठी तयार केलेली फाइल दुसऱ्या प्रकारच्या प्रक्रियकावर चालत नसल्याने हीच पद्धत सोयीची होती. कंपायलर नसलेल्या यंत्राच्या मालकाला मात्र अशी संहिता वाचता येई, चालवता येत नसे.

सोलारिसचे उदाहरण

सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीच्या सनओएस ४ या प्रणालीसोबत सी कंपायलर मिळत असे. १९९२ मध्ये कंपनीने सोलारिस २ ही नवी प्रणाली आणली, तेव्हा कंपायलर प्रणालीतून वगळून स्वतंत्र उत्पादन म्हणून विकण्यास सुरुवात केली. ‘सीसी’ हे नाव मात्र प्रणालीत शिल्लक होते. ती आज्ञा दिल्यास भाषेचे ऐच्छिक पॅकेज बसवलेले नाही, एवढाच संदेश पडद्यावर उमटे. आज्ञेचे नाव सापडले म्हणजे त्यामागे कंपायलर आहेच असे नाही, हे या उदाहरणावरून दिसते.

रिचर्ड स्टॉलमन यांच्या ग्नू प्रकल्पातील जीसीसी हा मुक्त कंपायलर १९८७ पासून उपलब्ध होता. परंतु तो स्वतःच सी भाषेत लिहिलेला असल्यामुळे त्याची संहिता हाती असूनही ती कंपाइल करण्यासाठी आधी दुसरा कंपायलर लागत असे. ‘आधी कोंबडी की आधी अंडे’ या स्वरूपाच्या या पेचाला संगणकशास्त्रात बूटस्ट्रॅपिंगचा प्रश्न म्हणतात. त्यातून सुटण्याचा मार्ग असा: ज्याच्याकडे कंपायलर आहे त्याने जीसीसीची यंत्रभाषेतील तयार प्रत बनवावी, इतरांनी ती आपल्या यंत्रावर उतरवून घ्यावी आणि पुढील आवृत्त्या तिच्याच साहाय्याने बांधाव्यात. सोलारिस वापरणाऱ्यांमध्ये जीसीसीचा प्रसार होण्यास सन कंपनीचा हा निर्णय मोठ्या प्रमाणात कारणीभूत ठरला.

पुढे २००५ मधील सोलारिस १० या आवृत्तीसोबत जीसीसी देण्यात आला, पण तो नेहमीच्या शोधमार्गाबाहेरील एका निर्देशिकेत ठेवलेला होता. त्यामुळे कंपायलर यंत्रावर असूनही तो सापडत नाही, असा अनुभव वापरकर्त्यांना येई. ह्युलेट-पॅकार्डच्या एचपी-यूएक्स प्रणालीत याहून वेगळी स्थिती होती. तिच्यासोबत मिळणारा मर्यादित कंपायलर प्रणालीचा गाभा पुन्हा बांधण्यापुरता होता. प्रमाणित, म्हणजे अ‍ॅन्सी, सी भाषेसाठी वेगळे उत्पादन विकत घ्यावे लागे.

कंपायलर न देण्याची कारणे

व्यापारी कंपन्यांच्या बाबतीत स्वतंत्र विक्री हे एक कारण होते. आजच्या प्रणालींत अन्य कारणे अधिक महत्त्वाची आहेत. बहुसंख्य वापरकर्ते तयार आज्ञावली वापरतात, त्यामुळे कंपायलर व त्याच्या पूरक फाइलींनी व्यापलेली जागा त्यांच्या दृष्टीने वाया जाते. सर्व्हरवर कंपायलर न ठेवणे हा सुरक्षेचाही भाग समजला जातो, कारण यंत्रात शिरकाव केलेल्या व्यक्तीला तेथेच नवी आज्ञावली बांधणे त्यामुळे अवघड होते.

लक्षणे व त्यांचा अर्थ

प्रणाली देत असलेल्या संदेशावरून मूळ अडचण बहुतेक वेळा ओळखता येते.

• ‘आज्ञा सापडली नाही’ या अर्थाचा संदेश आल्यास कंपायलर बसवलेला नसतो किंवा तो शोधमार्गात नसतो. ज्या निर्देशिकांत आज्ञा शोधल्या जातात त्यांच्या यादीला शोधमार्ग म्हणतात. ही यादी ‘पाथ’ या चलात साठवलेली असते.
• ‘स्वीकारार्ह सी कंपायलर सापडला नाही’ हा संदेश ‘कॉन्फिगर’ नावाची संहिता देते. त्याचा अर्थही वरीलप्रमाणेच असतो.
• ‘कंपायलर चालवता येण्याजोगी फाइल तयार करू शकत नाही’ असा संदेश आल्यास कंपायलर सापडलेला असतो, परंतु प्रमाण लायब्ररी, लिंकर किंवा अन्य पूरक घटक गहाळ असण्याची शक्यता असते. नेमके कारण ‘कॉन्फिग’ या नावाच्या लॉग फाइलमध्ये नोंदलेले असते.
• ‘एसटीडीआयओ’ ही हेडर फाइल सापडत नसल्यास कंपायलर आहे, पण सी लायब्ररीच्या विकासासाठी लागणाऱ्या फाइली बसवलेल्या नाहीत, असे समजावे.

निदान

निदान करताना पुढील क्रम उपयुक्त ठरतो. आज्ञा रोमन लिपीतील लहान अक्षरांत टंकाव्या लागतात.

१. ‘जीसीसी’ या आज्ञेपुढे दोन आडव्या रेघा व ‘व्हर्शन’ हा शब्द देऊन आवृत्ती विचारावी. उत्तर आल्यास कंपायलर सापडला असे समजावे.
२. उत्तर न आल्यास ‘सीसी’ व ‘क्लँग’ ही नावे तपासावीत. कंपायलर दुसऱ्या नावाने उपस्थित असू शकतो.
३. यापैकी एखादे पॅकेज बसवल्याची नोंद पॅकेज व्यवस्थापकात असेल, तर दोष शोधमार्गात आहे. कंपायलरची निर्देशिका शोधमार्गात जोडावी. पुन्हा बसवण्याची गरज नसते.
४. नोंद नसेल तर कंपायलर बसवावा.

विविध प्रणालींतील उपाय

उबुंटू व डेबियन: नेहमीच्या डेस्कटॉप मांडणीत आवश्यक साधने असतीलच असे नाही. ‘बिल्ड-इसेन्शियल’ हे पॅकेज जीसीसी, सी++ कंपायलर, ‘मेक’ आणि सी लायब्ररीच्या विकास फाइली एकत्र आणते. ते बसवण्यापूर्वी ‘अ‍ॅप्ट अपडेट’ ही आज्ञा देऊन पॅकेजांची यादी ताजी करावी. नव्याने बसवलेल्या प्रणालीत ही यादी अपुरी असल्यास पॅकेज अस्तित्वात असूनही ते मिळत नसल्याचा संदेश येतो. फेडोरामध्ये हेच काम ‘डीएनएफ’ या व्यवस्थापकाद्वारे, तर आर्च लिनक्समध्ये ‘बेस-डेव्हेल’ पॅकेजाद्वारे केले जाते. या सर्व कामांसाठी व्यवस्थापकाचे अधिकार आवश्यक असतात. महाविद्यालयीन प्रयोगशाळेतील विद्यार्थ्याकडे ते नसल्यास प्रयोगशाळेच्या व्यवस्थापकाकडेच मागणी करावी लागते.

मॅकओएस: अ‍ॅपलची ‘कमांड लाइन टूल्स’ वेगळी उतरवून घ्यावी लागतात. त्यासाठी ‘एक्सकोड-सिलेक्ट’ ही आज्ञा ‘इन्स्टॉल’ या पर्यायासह देतात. प्रणालीची नवी आवृत्ती बसवल्यावर विकसकाचा सक्रिय मार्ग अवैध असल्याचा संदेश येऊ शकतो. तेव्हाही हीच साधने पुन्हा बसवावी लागतात. येथे ‘जीसीसी’ ही आज्ञा प्रत्यक्षात क्लँग हा कंपायलर चालवते.

विंडोज: या प्रणालीसोबत सी कंपायलर येत नाही. मायक्रोसॉफ्टच्या व्हिज्युअल स्टुडिओतील सी++ चा भाग किंवा मिनजीडब्ल्यू हे पर्याय वापरले जातात. व्हिज्युअल स्टुडिओचा ‘सीएल’ हा कंपायलर साध्या आज्ञाखिडकीत सापडत नाही. त्याचा शोधमार्ग विकसकांसाठीच्या विशेष खिडकीतच लावलेला असतो. पायथनची काही पॅकेजे बसवताना व्हिज्युअल सी++ आवश्यक असल्याचा संदेश येतो, तोही याच कारणाने. आपण पायथन वापरत असलो, तरी त्या पॅकेजाचा काही भाग सी भाषेत लिहिलेला असतो.

टर्बो सी आणि भारतातील विद्यार्थी

महाराष्ट्रासह भारतातील अनेक महाविद्यालयांत बोरलँड कंपनीचा टर्बो सी हा कंपायलर दीर्घकाळ शिकवला गेला. तो डॉससाठी तयार केलेला १६-बिट कंपायलर असल्याने ६४-बिट विंडोजवर थेट चालत नाही. नवा संगणक घेतलेल्या विद्यार्थ्याला कंपायलर ‘हरवल्या’चा अनुभव येतो तो यामुळे. डॉसबॉक्स या अनुकारकात तो चालवता येतो, मात्र जीसीसीसारखा आधुनिक कंपायलर स्वीकारणे अधिक हिताचे ठरते. त्यावेळी दुसरी अडचण उद्भवते. ‘कोनिओ’ ही हेडर फाइल व पडदा पुसणारे ‘क्लियरएससीआर’ हे फंक्शन प्रमाणित सी भाषेचा भाग नाहीत, त्यामुळे पाठ्यपुस्तकातील आज्ञावली लिनक्सवर जशीच्या तशी कंपाइल होत नाही. दोष येथे कंपायलरचा नसून संहितेतील अप्रमाणित भागाचा असतो.

पडताळणी

कंपायलर बसवल्यावर केवळ आवृत्ती पाहून थांबू नये. पडद्यावर एक ओळ छापणारी लहान आज्ञावली लिहून, ती कंपाइल करून चालवून पाहावी. या एका कृतीतून कंपायलर, हेडर फाइली, लायब्ररी आणि लिंकर या चारही घटकांची परीक्षा होते. ती यशस्वी झाल्यानंतरच मोठ्या प्रकल्पाची संहिता बांधण्यास घ्यावी. त्यानंतर येणाऱ्या अडचणींचे मूळ बहुधा त्या प्रकल्पाला लागणाऱ्या अन्य लायब्ररींत असते.

हे सुद्धा पहा

• जीसीसी
• सी (प्रोग्रॅमिंग भाषा)
• युनिक्स
• सोलारिस
• लिंकर