आरसा, पाते आणि कॅमेरा : बाळाच्या श्वासमार्गाचा इतिहास

१/९ भूल दिलेल्या किंवा जन्मताच श्वास न घेणाऱ्या बाळाच्या श्वासनलिकेत अनेकदा नळी घालावी लागते. बाळाच्या शरीरातील प्राणवायूचा साठा अल्प, त्याचा खर्च मात्र वेगवान. म्हणून हाती असतात ती काही सेकंदेच. तेवढ्यात स्वरयंत्र दिसावे कसे? या प्रश्नाचा हा इतिहास. #थ्रेड

२/९ आरंभ होतो एका गायनशिक्षकापासून. १८५४ साली मॅन्युएल गार्सिया यांनी आरसे आणि सूर्यप्रकाश यांच्या साहाय्याने स्वतःचेच स्वरयंत्र गाताना पाहिले. पुढील वर्षी लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे त्यांचा निबंध सादर झाला.

३/९ परंतु आरसा शांत बसणाऱ्या प्रौढाच्या उपयोगाचा, गुदमरणाऱ्या मुलाच्या नव्हे. १८८० च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये घटसर्प मुलांचे श्वास कोंडत होता. डॉ. जोसेफ ओड्वायर यांनी केवळ बोटाच्या स्पर्शाने स्वरयंत्रात धातूची नळी बसवण्याची पद्धत रूढ केली. गळ्याला छेद न देता मुले वाचू लागली. मात्र हे सारे न पाहता चालत असे.

४/९ १८९५ मध्ये बर्लिनच्या आल्फ्रेड किर्स्टाइन यांनी आरसा दूर सारला आणि उपकरणाने जीभ बाजूला करून स्वरयंत्र थेट डोळ्यांनी पाहिले. हीच डायरेक्ट लॅरिंगोस्कोपी.

५/९ पुढे पात्यांचे युग आले. १९४१ मध्ये रॉबर्ट मिलर यांचे सरळ पाते, १९४३ मध्ये रॉबर्ट मॅकिंटॉश यांचे वक्र पाते. १९४६ मध्ये मिलर यांनी तान्ह्या बाळांसाठी वेगळे पाते सुचवले. कारण बाळ म्हणजे लहान आकाराचा प्रौढ नव्हे: त्याची जीभ तुलनेने मोठी, स्वरयंत्र अधिक वर आणि त्यावरची झाकणी लवचीक असते. सरळ पाते ती झाकणीच उचलून धरते.

६/९ एक उणीव मात्र उरली. दृश्य दिसे ते एकाच व्यक्तीला. शिकाऊ डॉक्टर चुकत असला, तरी शेजारी उभ्या गुरूला ते कळण्याचा मार्ग नव्हता.

७/९ २००१ मध्ये कॅनडातील शल्यविशारद जॉन पेसी यांचे ग्लाइडस्कोप बाजारात आले. पात्यावरील कॅमेऱ्यामुळे स्वरयंत्र पडद्यावर सर्वांना दिसू लागले. तरीही मुलांवरील आरंभीच्या अभ्यासांत एक विसंगती आढळली: दृश्य सुधारले, पण नळी बसवण्यास वेळ अधिक लागू लागला. दिसणे आणि पोहोचणे या दोन भिन्न गोष्टी होत्या.

८/९ मग नेहमीच्याच आकाराच्या पात्यावर कॅमेरा आला. २०२० च्या ‘लॅन्सेट’मधील चाचणीत एक वर्षाखालील बाळांमध्ये पहिल्याच प्रयत्नात यश व्हिडिओने ९३ टक्के, थेट दृष्टीने ८८ टक्के, गंभीर गुंतागुंत अनुक्रमे २ व ५ टक्के. डब्लिन येथील नवजात बाळांवरील चाचणीत (२०२४) हे अंतर फारच रुंदावले: ७४ विरुद्ध ४५ टक्के.

९/९ म्हणून थेट पाहण्याची विद्या कालबाह्य ठरत नाही. कॅमेऱ्याची काच रक्ताने वा स्रावाने झाकोळते, आणि असे उपकरण प्रत्येक रुग्णालयाला परवडतेच असे नाही. शिवाय नेहमीच्या आकाराचे पाते असेल, तर एकाच उपकरणाने डोळ्यांनीही पाहता येते आणि पडद्यावरही. गार्सियांनी पाहिले ते प्रतिबिंब होते. किर्स्टाइन यांनी प्रतिबिंब टाळले. कॅमेऱ्याने ते पुन्हा आणले. फरक एवढाच, की आता ते शिष्याबरोबर गुरूलाही दिसते, आणि चूक बाळाच्या जिवावर बेतण्याआधी सुधारता येते.

#इतिहास #वैद्यकाचा_इतिहास