पलीकडून उत्तर येईना

बुधवार, २४ फेब्रुवारी २०२१. राष्ट्रीय शेअर बाजार, म्हणजे एनएसई, त्या दिवशी सकाळी ११ वाजून ४० मिनिटांनी बंद पडला. खालच्या वेळा आधी त्या क्षणाकडे आणि मग त्याच्या पुढे जाणाऱ्या आहेत.

सकाळी ७:०० (४ तास ४० मिनिटे बाकी)

मुंबईतल्या वडाळा रोड स्थानकाचे दार सर्वसामान्य प्रवाशांसाठी बंद झाले. कोरोनाच्या निर्बंधांनंतर १ फेब्रुवारीपासून लोकल सगळ्यांना खुली झाली होती खरी, पण ठरावीक वेळांतच: पहिल्या गाडीपासून सकाळी ७ पर्यंत, दुपारी १२ ते ४ आणि रात्री ९ नंतर. त्यामुळे एरवी फोर्टात किंवा वांद्रे-कुर्ला संकुलात, म्हणजे बीकेसीत, दलालाच्या कार्यालयात बसणारी माणसे वर्षभर घरूनच बाजार पाहत होती. वडाळ्यापासून बीकेसी सायन ओलांडले की आलेच, पण त्या दिवसांत तिथे पोचायचा खरा रस्ता इंटरनेटचाच होता.

९:१५ (२ तास २५ मिनिटे)

बाजार उघडला. दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, फेब्रुवारीच्या वायदे सौद्यांची मुदत संपणार होती. मुदतीच्या आदल्या दिवशी सौदा पुढच्या महिन्यात ढकलायचा की तोडायचा, हे ठरवावेच लागते. अडकून पडायला याहून वाईट दिवस शोधून सापडला नसता.

इथे थांबून एक यंत्रणा समजून घेऊ, कारण पुढचे सगळे तिच्यावरच अवलंबून आहे. एनएसईचे मुख्य संगणक-केंद्र मुंबईत, त्याचे जवळचे जोडकेंद्रही मुंबईतच आणि आपत्तीसाठीचे लांबचे केंद्र चेन्नईत. जोडकेंद्र जवळ असण्याला कारण आहे. एकही नोंद गहाळ होऊ द्यायची नसेल तर प्रत्येक नोंद दोन्हीकडे लिहिली गेल्यावरच ती पक्की मानावी लागते. जुन्या पेढीत एक मुनीम लिहायचा आणि दुसरा ‘लिहिले’ म्हणेपर्यंत पैसे मोजले जायचे नाहीत, तसेच हे. काचेच्या तंतूतून प्रकाशाला एक किलोमीटर जायला सुमारे ५ मायक्रोसेकंद लागतात. शहरातल्या शहरात हा वेळ नगण्य. चेन्नई सरळ रेषेतच हजारभर किलोमीटर दूर, म्हणजे जाऊन-येऊन किमान १० मिलिसेकंद. प्रत्येक नोंदीमागे एवढे थांबायचे तर बाजार रांगू लागेल. म्हणून लांबचे केंद्र नेहमी थोडे मागे चालते आणि जवळचे बरोबरीने.

पण दुसरा मुनीम गप्पच बसला तर? पहिल्याने किती वेळ वाट पाहायची आणि मग काय करायचे, हे आधी ठरवून ठेवावे लागते. मुदत फार छोटी ठेवली तर तार जराशी लुकलुकली तरी जोडी तुटते. फार मोठी ठेवली तर एका नोंदीपायी मागच्या सगळ्या नोंदी खोळंबतात. आणि मुदत संपल्यावर दोघांनीही ‘आता मीच खरा’ म्हणत स्वतंत्रपणे लिहायला सुरुवात केली, तर एकाच बाजाराच्या दोन वह्या तयार होतात. ते टाळण्यासाठी काही प्रणाली शंका येताच लिहिणेच थांबवतात. हा सावधपणाच घात करू शकतो. सर्वांत छळवादी असते ती मध्येच जोडली जाणारी, मध्येच तुटणारी तार. कारण सरळ मेलेल्या तारेबद्दल यंत्राला निदान निर्णय तरी घेता येतो.

१०:०८ च्या सुमारास (दीड तास)

निफ्टी आणि बँक निफ्टी हे निर्देशांक पडद्यावर गोठले. समभागांचे सौदे होत होते, पण बाजार कुठे आहे हे सांगणारा आकडा हलत नव्हता. अशा वेळी माणूस आधी स्वतःच्या वायफायवर संशय घेतो, मग दलालाच्या ॲपवर, मग शेजाऱ्याला विचारतो. गोठलेला आकडा लाल होत नाही, ओरडत नाही. तो फक्त जुना असतो.

याच जातीचा एक प्रसंग १४ ऑगस्ट २००३ रोजी अमेरिकेत घडला होता. वीजजाळ्याची स्थिती दर ५ मिनिटांनी आपोआप मोजणारी संगणकप्रणाली दुरुस्तीसाठी हाताने चालवायला घेतली गेली, दुरुस्ती झाली, आणि तिला पुन्हा ‘आपोआप’वर टाकायचे विसरून संबंधित तज्ज्ञ जेवायला गेला. त्याच दुपारी ओहायोतल्या एका वीज कंपनीच्या नियंत्रणकक्षातली इशारे देणारी प्रणाली कुणालाही न सांगता बंद पडली. संध्याकाळपर्यंत अमेरिका आणि कॅनडातले सुमारे ५ कोटी लोक अंधारात होते. इशारा न येणे म्हणजे सगळे ठीक असणे, असे तिथल्या माणसांनी धरले होते.

११:४० (शून्य)

एनएसईने वायदे बाजार थांबवला, ३ मिनिटांत रोखीचाही. दोन वेगवेगळ्या दूरसंचार कंपन्यांच्या अनेक तारा असूनही दोघींच्याही तारांत बिघाड आल्याचे एनएसईने जाहीर केले. दोन्ही केंद्रांमधल्या रस्त्यावर चाललेले खोदकाम आणि बांधकाम हे त्याचे मुख्य कारण, असे तिने नंतर सांगितले. कंपन्या दोन घ्या की चार, सगळ्यांच्या तारा एकाच शहराच्या उकरलेल्या रस्त्यांखालून जातात. तेव्हा मेट्रो ४ चे काम दारात चालू असलेल्या वडाळेकरांना हे वेगळे सांगायला नको होते.

मात्र तारा तुटणे ही अर्धीच गोष्ट. एनएसईच्या रचनेनुसार जोडकेंद्राशी संपर्क तुटला तरी मुख्य केंद्राची साठवणूक चालूच राहायला हवी होती. प्रत्यक्षात तीच हाताबाहेर गेली. विक्रेत्याने साठवणूक यंत्रणेत बसवलेले पर्यायी मार्गाचे तर्कशास्त्र आपल्या रचनेशी जुळत नव्हते, असे एनएसईचे म्हणणे. सौदे जुळवणारे इंजिन ठणठणीत होते. पडली ती सौद्यांची पूर्तता करणाऱ्या क्लिअरिंग महामंडळाची जोखीम तपासणारी प्रणाली, आणि तिच्याबरोबर निर्देशांक व देखरेख. जोखीम न तपासता सौदे होऊ देणे म्हणजे आग लावणे. थांबवण्याचा निर्णय माझ्या मते बरोबर होता, त्याला लागलेला वेळ मात्र नाही.

दुपारी १२:०० ते ३:००

लोकल पुन्हा खुली झाली, बाजार नाही. मुंबई शेअर बाजार, म्हणजे बीएसई, चालू होता. तिथे समभाग विकता येत होते, पण वायद्यांत तिथे गिऱ्हाईकच नव्हते. चेन्नईच्या केंद्रावर काम हलवले गेले नाही.

अशा तासांत तंत्रज्ञ नोंदवह्या, म्हणजे लॉग, उपसत बसतात. दोन केंद्रांची घड्याळे दोन सेकंदांनी जरी मागेपुढे असली तरी आधी तार गेली की आधी साठवणूक, हे सांगता येत नाही. लॉग अति तपशिलाने ठेवला तर महत्त्वाची ओळ हजारोंत बुडते. आखडता ठेवला तर ती लिहिलीच जात नाही. आणि लॉग ज्या साठवणुकीवर आहे तीच पडली असेल, तर वाचणार काय? तो वेगळ्या यंत्रावर पाठवायची एक साधी सोय असते. ती बिघाडाच्या दिवशी करता येत नाही, इतकेच.

३:१५ ते ३:४५

बाजार साडेतीनला बंद होणार म्हणून दलालांच्या प्रणालींनी दिवसाचे उघडे सौदे रिवाजाप्रमाणे आपोआप मिटवायला घेतले, जिथे जमेल तिथे बीएसईवर, मिळेल त्या भावाने. साडेतीनला काही मिनिटे उरली असताना एनएसईची घोषणा आली: पावणेचारला बाजार उघडणार, पाचपर्यंत चालणार. ज्यांचे सौदे मिटले त्यांच्यासाठी ही बातमी काही मिनिटे उशिरा आली, आणि मग बाजार वर गेला. बीएसईचा सेन्सेक्स त्या दिवशी १,०३० अंकांनी वाढून ५०,७८१ वर थांबला, निफ्टी १४,९८२ वर.

५:००

व्यवहार संपले. दुपारी लोकलने कार्यालय गाठलेल्यांना मात्र रात्री ९ पर्यंत गाडी नव्हती.

त्यानंतर

२२ मार्च २०२१ रोजी शेअर बाजारांची नियामक संस्था सेबीने नवे नियम काढले: महत्त्वाची प्रणाली कोलमडल्यापासून ३० मिनिटांत ‘आपत्ती’ जाहीर करायची आणि तिथून ४५ मिनिटांत काम पूर्ववत करायचे. आधीच्या नियमात पूर्ववत करायला ४ तास होते. यंत्राने किती थांबायचे हे मिलिसेकंदांत ठरवले जाते. माणसाने किती थांबून ‘आता पुरे’ म्हणायचे, याला मिनिटांतला आकडा त्या बुधवारनंतर मिळाला.

२०२३ मध्ये एनएसई आणि तिच्या क्लिअरिंग महामंडळाने सेबीशी समझोता करून ७२ कोटींहून अधिक रुपये भरले. समझोत्याची अशी रक्कम कायद्याने केंद्र सरकारच्या संचित निधीत जाते. सव्वातीनला ज्यांचे सौदे मिटवले गेले, त्यांच्या खात्यात त्यातले काही येण्याची तरतूद त्यात नाही.