म्हाताऱ्यांचा वॉर्ड कोणालाच का नको असतो?

नर्सिंग शिकणाऱ्या मुलामुलींना विचारा, पुढे कुठल्या विभागात काम करायला आवडेल? लहान मुलांचा वॉर्ड, आयसीयू, ऑपरेशन थिएटर अशी उत्तरं येतात. वृद्धांचा वॉर्ड बहुतेक वेळा यादीच्या तळाशी असतो. वेगवेगळ्या देशांतल्या पाहण्यांमध्ये हे पुन्हा पुन्हा दिसलं आहे. त्यासाठी आजही वापरली जाणारी एक मोजपट्टी अमेरिकी मानसशास्त्रज्ञ नेथन कोगन यांनी 1961 साली तयार केली. त्यात 34 विधानं आहेत, निम्मी म्हाताऱ्यांविषयी बरं बोलणारी, निम्मी वाईट.

या नावडीचं खापर आपण चटकन तरुण पिढीवर फोडतो. संस्कार उरले नाहीत, म्हणतो. मला हे पटत नाही. ज्या देशात आधुनिक नर्सिंग घडलं, त्या इंग्लंडचा इतिहास वेगळंच सांगतो.

1834 च्या गरीब कायद्याने तिथे वर्कहाऊसची व्यवस्था पक्की केली. आतलं जगणं बाहेरच्या गरिबातल्या गरीब मजुरापेक्षाही वाईट असावं, म्हणजे कोणी फुकट खायला येणार नाही, असं हे तत्त्व. धाक धडधाकटांना घालायचा होता. आत साचत गेले ते म्हातारे, आजारी आणि बेवारस. त्यांची शुश्रूषा करायला तिथल्याच गरीब बायका जुंपल्या जात.

याच काळात, 1860 मध्ये, लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात नाइटिंगेल बाईंची नर्सिंग शाळा सुरू झाली. पण अशी धर्मादाय रुग्णालयं बरे होण्याजोगे रुग्ण पसंत करत. वर्षानुवर्षं अंथरुणाला खिळलेल्यांना तिथे सहसा जागा नसे. म्हणजे विद्यार्थिनी जिथे शिकणार, तिथे असा म्हातारा रुग्ण क्वचितच दिसणार! मग त्याची सेवा हे शिकलेल्या नर्सचं काम आहे, असं तिला वाटावं तरी कसं?

अपवाद होते. 1865 मध्ये अ‍ॅग्नेस जोन्स बारा प्रशिक्षित नर्स घेऊन लिव्हरपूलच्या ब्राउनलो हिल वर्कहाऊसच्या दवाखान्यात गेल्या. हजाराहून जास्त रुग्ण होते. तीनच वर्षांत त्या टायफसने वारल्या.

खरा बदल व्हायला आणखी सत्तर वर्षं लागली. 1935 मध्ये वेस्ट मिडलसेक्स रुग्णालयाने शेजारचा जुना वर्कहाऊस दवाखाना ताब्यात घेतला आणि तिथल्या 714 रुग्णांची जबाबदारी डॉ. मार्जरी वॉरेन यांच्याकडे आली. अनेक जण वर्षानुवर्षं खाटेवरच होते. कोणाला नेमकं काय झालंय, हेही धड तपासलेलं नव्हतं. वॉरेन यांनी एकेकाला तपासलं, वर्गवारी केली, वॉर्डांना रंग दिला, उजेड वाढवला आणि लोकांना खाटेवरून उठवून चालायला लावलं. कितीतरी जण घरी गेले. 1943 मध्ये त्यांनी लिहिलं, की अशा रुग्णांचे विभाग सर्वसाधारण रुग्णालयातच हवेत. डॉक्टर आणि नर्स होऊ पाहणाऱ्यांना ते तिथे शिकता आलं पाहिजे. मला त्यांची ही मागणी रंगरंगोटीपेक्षा मोठी वाटते. सुधारणारा म्हातारा ज्या विद्यार्थिनीने कधी पाहिलाच नाही, तिला ते काम ओझंच वाटणार.

आणि काम होतंही ओझ्याचं. वळवणं, पुसणं, चादरी बदलणं, तेही अपुऱ्या माणसांत. या कामाकडे शास्त्र म्हणून पाहिलं डोरीन नॉर्टन या नर्सने. 1962 मध्ये दोन सहकाऱ्यांसोबत त्यांनी रुग्णालयातल्या वृद्धांच्या शुश्रूषेचा अभ्यास प्रसिद्ध केला. शरीरस्थिती, मनःस्थिती, हिंडणं-फिरणं, हालचाल आणि मलमूत्रावरचा ताबा, या पाच गोष्टींना एक ते चार गुण द्यायचे. वीसपैकी चौदा किंवा कमी आले, तर शय्याव्रणांचा धोका. नियमित कूस बदलली की व्रण टळतात, हेही त्यांनी दाखवलं. ज्या कामाला हलकं समजलं जात होतं, त्यात निरीक्षण होतं, अंदाज होता, मोजता येणारा परिणाम होता. नॉर्टन यांची ही मोजपट्टी नर्सिंगचे विद्यार्थी आजही पाठ करतात. ती म्हाताऱ्यांच्या वॉर्डातून आली, हे मात्र त्यांना क्वचितच सांगितलं जातं.